शर्यतीच्या मोटारीचा शेंदूर

मी तिसरीपस्तोर शिकलेली बाई हाय, त्यामुळं लिहिण्यात चुकलं तर तुम्हीच नीट करून घ्या. पहिलं एक सांगून टाकते — भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की उठून भांडे घासायला जाणारी मी. माहेरी गावाबाहेरच्या चिंचेवर हडळ बसती म्हणायचे. त्याच चिंचेखाली मी दोन उन्हाळे बकऱ्या बसवल्या, चिंचा खाल्ल्या, कधी काही दिसलं न्हाई. कोणाच्या अंगात आलं की मला हसू यायचं, तोंडात पदर धरून बसायची. आता न्हाई येत हसू. तुमच्या मासिकात बायांनी आपले अनुभव कळवावे आसं छापलंय, ते शेजारणीनं वाचून दाखवलं, तवापासून चार दिस झाले डोक्यात हेच चालू राह्यलं… लिहावं का न लिहावं. लेक झोपली हाय तवर लिहून घेते.

आमचं घर जुना जालन्यात. कापसातली सरकी काढायच्या एका जिनाच्या मागच्या भिंतीला लागून चार खोल्या हायत, त्यातली शेवटची आमची. आमचे हे त्या जिनात इंजिनावर मिस्तरी. घराणं शेतीवालं, पण ह्यांना लहानपणापासून इंजिनाचाच नाद. भिंतीत एक लहान दरवाजा हाय, तिकून गेलं की मोठं आंगण, आंगणात पाण्याचा हौद, अन् हौदाच्या समोर एक जुनं पत्र्याचं शेड. शेडला तीन बाजूंनी पक्की भिंत अन् पुढं एकच दार. खिडकी बी न्हाई. हे ध्यानात ठिवा.

त्या शेडात जिनाच्या धाकट्या मालकांची शर्यतीची मोटार होती. म्हंजी आल्ती तवा साधीच होती, जुनी विलायती. धाकट्या मालकांची परतूरकडच्या एका जमीनदारासंग पैज लागल्ती, जालन्याहून वाटूरच्या फाट्यापस्तोर कोणाची मोटार आधी जाती म्हणून. त्याची मोटार निळी, नवी कोरी. मंग मालक ह्यांना म्हणले, हिला पळती करा. ह्यांना तर काय, सणच मिळाला.

ह्यांनी तिचे दरवाजे काढले, वरचा टप काढला, चाकावरचे पत्रे काढले. वजन कमी पायजे म्हणून. पुढं पत्र्याचं लांब नाक बसवलं, वारं कापायला. अन् सीटच्या मागं उंचावर मोठी पेट्रोलची टाकी, म्हंजी पेट्रोल उतारानं आपोआप इंजिनाकडं यावं. दिसायला आशी झाली की मोठा टोळच बसलाय. पण पळायला… पहिल्याच दिवशी त्या नाकानं वारं अडवलं, इंजिन थंड ठिवणाऱ्या पाण्याच्या जाळीला हवा लागंना, पाणी खळखळ उकळलं. ह्यांनी नाकाला माशाच्या गालासारखे काप पाडले. मंग टाकीमुळं मागून जड अन् पुढून हलकी झाली, वळणावर ढुंगण फेकायची — हा ह्यांचाच शब्द. पुढं वाळूची गोणी बांधली, तवा कुठं थोडी सरळ चालाया लागली. जेवताना हे मला ताटात गाडी काढून दाखवायचे. भाकरीच्या तुकड्याची गाडी, ठेच्याचं इंजिन, कांद्याची टाकी. मला सगळं समजायचं. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हणायच्या, खाऊन घे आधी तुझी मोटार.

ती मोटार मालगाडीतून जालन्याला उतरली त्याच दिवशी माझी लेक झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, माहेरी जायला बी मिळालं न्हाई. चिमणीएवढी होती. तिचं नाव सोना ठिवलं.

खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा असती. आत्याबाईंनी तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी माझ्या हातात दिली अन् मोटारीला लावायला सांगितलं. मला कळंना कुठं लावावा. मागं टाकीवर पितळी झाकण होतं, गोल, बराबर देवाच्या तोंडावानी. मी बोट भरून तिथं लावला. हे हसले, पण हात जोडले.

त्याच्या पुढच्या ऐतवारी मोटार मंठ्याच्या, म्हंजी वाटूरच्याच रस्त्यावर नेली अन् चार-पाच मैलांवर बंद पडली. खोकली, धक्के खाल्ले अन् गप. ह्यांनी उतरून टाकीत काठी घालून पाहिलं, पेट्रोल भरलेलं. झाकण लावलं, हँडल मारलं, तर लगेच चालू. पुन्हा चार-पाच मैल, पुन्हा गप. पुन्हा काठी, पुन्हा चालू. ह्यांनी कारबेटर खोलून धुतलं. प्लग बदलले. पेट्रोलची नळी धुराच्या नळाजवळून जाती, तापून पेट्रोलची वाफ होत असंल म्हणून नळी लांबून फिरवली, तिला ओलं गोणपाट गुंडाळलं, रांजणाला गुंडाळतो तसं. काही फरक न्हाई. टाकी काठोकाठ भरली तर उलटी जल्दी बंद पडाया लागली. अन् आंगणात उभी करून चालवली तर घंटाभर चालायची… जिनातले लोक म्हणू लागले, मिस्तरी, ही मोटार न्हाई, हे तुमचं नशीब हाय.

जवाजवा बंद पडायची तवातवा आत्याबाई म्हणायच्या, देवाचं काही राहिलं असंल, जा, शेंदूर लाव. मी दर मंगळवारी लावायची. थरावर थर. झाकण लाल खडकावानी झालं.

मंग एक दिवस धाकटे मालक बोलून गेले, मिस्तरी, घरात काही दोष असंल तर पाहून घ्या. ते बोलून गेले, पण आत्याबाईंच्या मनात ते बसलं. मोटार आली अन् पोरगी झाली, एकाच दिवशी. पोरीचा पाय चांगला न्हाई. आता आत्याबाई वाईट न्हाईत हो. माझ्या बाळंतपणात रातंदिस माझ्यापाशी होत्या. पण सासरे एका यंत्रात सापडून गेल्ते, तवापासून लेक यंत्राजवळ गेला की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत न्हाई, अन् घाबरलेलं माणूस कोणावर तरी बोट ठिवतं. माझी नणंद भोकरदनला दिलेली हाय, तिला लेकरू न्हाई. आत्याबाईंनी तिला निरोप धाडला, शर्यतीच्या दिवशी ये. अन् आमच्यापुढं सांगून टाकलं. "मोटार न थांबता वाटूरला गेली तर पोरगी हितं राहील. थांबली तर भोकरदनला जाईल. तिथं काही उपाशी मरत न्हाई ती."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे खाली पाहून बसले. नंतर मला एवढंच म्हणले, मी मोटारच नीट करतो, मंग बोलायचं कामच न्हाई.

पण नीट होत न्हवती ना…

शर्यतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दिवस थंडीचे, पण दुपारचं ऊन लख्ख. हे नळीचा एक तुकडा आणायला पत्रेवाल्याकडं गेल्ते. मी भाकरी घिऊन शेडात गेले. सोनाची झोळी तिथल्याच खांबाला बांधली. वारं लागू नये, नजर लागू नये म्हणून वरून लुगड्याचं पांघरूण घट्ट खोचलं — आत्याबाईंनीच तसं शिकवल्तं. अन् तांब्या भरायला हौदावर गेले. हौद दारापासून दहा-बारा पावलं. माझं तोंड दाराकडंच होतं. आत कोणी गेलं न्हाई, हे मी सोनाच्या डोक्यावर हात ठिवून सांगते.

तांब्या बुडवला अन् आतून आवाज आला. रडणं न्हाई. दाबल्यावानी, गुदमरल्यावानी. मी पळाले. दारात आले तर…

झोळीजवळ एक म्हातारी बाई उकिडवी बसलेली. काळपट लुगडं, नाकात मोठी नथ, एक कान फाटलेला. तिनं पांघरूण वर उचलून धरल्तं अन् सोना तोंड उघडून श्वास घेऊन राह्यली होती, गाल जांभळे. मी दारातच उभी राहिले. बाई माझ्याकडं न पाहता बोलली, रोजचं बोलावं तसं.

"धुरपे, तोंड मोकळं ठेवावं गं."

मंग उठली. मोटारीकडं गेली, टाकीच्या झाकणावर नख घासलं, खरखर वाजलं.

"ह्याचं बी."

परत आली, सोनाचा पाय हातात घेतला, तळव्यावर बोट टेकवलं. अन् मोटारीच्या मागं गेली. मी विचारलं, कोण तुम्ही. मंग मी मोटारीभोवती फिरले. मागं भिंत, दोन रिकामे पिंप, बस. दारात मी होते. दुसरी वाट न्हाई.

आता हे ऐका. मला धुरपा म्हणणारं जालन्यात कोणी न्हाई. लग्नात माझं नाव लक्ष्मी ठिवलं, तवापासून सगळ्यांना मी लक्ष्मीच. माहेरचं नाव ह्यांना सुदिक धड आठवत न्हवतं.

हे आले तवा मी सोनाला छातीशी धरून हौदाच्या काठावर बसले होते. काय सांगितलं, कसं सांगितलं, मला आठवत न्हाई. हे आधी म्हणले ऊन लागलं असंल. मंग सोनाचा पाय पाहिला. तळव्यावर शेंदराचं बोट उमटलेलं, ओलं. ह्यांनी जाऊन झाकणाला हात लावून पाहिला. तिथला शेंदूर वाळून दगड झाल्ता, बोटाला कणभर लागत न्हवता. फक्त एका जागी नखाची रेघ होती.

हे मला म्हणले, "तोंड मोकळं ठेव… आसंच म्हणली का?"

"व्हय. अन् झाकणाकडं बोट करून, ह्याचं बी."

अन् तवा मला आठवलं. खंडेनवमीला मी शेंदूर लावताना त्या झाकणाच्या मधोमध एक भोक पाहिल्तं, सुईच्या टोकाएवढं. देवाच्या कपाळाला खड्डा बरा दिसत न्हाई म्हणून मी ते बोटानं दाबून बुजवल्तं. अन् दर मंगळवारी वरून आणखी थर.

मी ह्यांना म्हणले, "आवो, राकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? गुडगुड करतं अन् अडतं. दुसऱ्या बाजूला भोक पाडावं लागतं, हवा जायला."

हे माझ्याकडं आसं पाहाया लागले की मला भ्याव वाटलं. मंग सगळं एका दमात बोलले. जिनातल्या इंजिनाची टाकी उघडीच असती, वर नुसतं पत्र्याचं झाकण, त्यामुळं त्यांना ते भोक कशाचं ते कधी समजलंच न्हाई, वाटलं साखळी अडकवायचं असंल. पेट्रोल खाली जातं, वरून हवा येत न्हाई, मंग पेट्रोल अडतं. काठी घालायला झाकण उघडलं की हवा आत जाती अन् गाडी चालू. टाकी काठोकाठ भरली की हवेला जागाच कमी, म्हणून जल्दी बंद. अन् आंगणात इंजिन नुसतं हळूहळू चालायचं, पेट्रोल पितंच किती, म्हणून तिथं काही कळायचं न्हाई. "म्हंजी रोज मीच तिला श्वास देत होतो, अन् रोज पुन्हा तोंड दाबत होतो," आसं म्हणले. झाकण काढून तोंडाला लावलं, फुंकलं. गाल फुगले, हवा जाईना.

ह्यांनी भोक मोकळं करायला पोकर, म्हंजी टोकदार लोखंडी सळई, घेतला. अन् हात थांबला.

देवाचा शेंदूर खरवडायचा म्हंजी काय, हे ज्याला भ्याव असतं त्यालाच माहीत. आमच्यात मारुतीचा शेंदूर पडला तरी लोक पायात येऊ देत न्हाईत, उचलून पाण्यात सोडतात. हे म्हणले, उद्या शर्यत, मालक मोटार चालवणार, अन् मी देवाला लोखंड लावू?

मी सोनाच्या झबल्याची पिन काढली. "मी लावला, मीच काढते. काही व्हायचं तर माझ्या हाताला होईल."

मनात म्हणत होते, देवा, तुझा शेंदूर न्हाई काढत, फक्त तुझं नाक मोकळं करते. पिन वाकली, दुसरी घेतली. शेवटी टच् झालं अन् आरपार गेली. ह्यांनी फुंकलं. शिट्टी वाजली. बारीक, पाखरावानी. सोना हसली त्या आवाजाला, खरंच हसली. पडलेले कण मी फडक्यात बांधले अन् संध्याकाळी कुंडलिका नदीच्या पाण्यात सोडले.

तपासून पाहायला येळच राहिला न्हाई. मालकांचा माणूस आला, मोटार बंगल्यावर न्यायची, सकाळी तिथं पूजा हाय म्हणला. माझा जीव पुन्हा वर. पूजा म्हंजी पुन्हा शेंदूर.

संध्याकाळी आत्याबाई सोनाला तेल लावाया बसल्या. मी चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापत होते. त्यांचा हात पायापाशी थांबला. मी वाट पाहत होते — आता विचारतील, देवाचा शेंदूर पायाला कोणी लावला. त्यांनी तळवा लई येळ पाहिला अन् तेवढी जागा सोडून बाकी पायाला तेल लावलं.

सकाळी हे गेले. धाकटे मालक मोटार चालवणार, हे शेजारी. नणंदबाई आदल्या रातीच भोकरदनहून आल्त्या. आत्याबाईंनी सोनाचे झबले, दुपटे, काजळाची डबी एका गाठोड्यात बांधून गाठोडं दाराशी ठिवलं. मी लेकीला पाजत बसले, सोडलीच न्हाई. ती पिऊन झोपली तरी सोडली न्हाई. दूर नदीपलीकडं भोंगा वाजला, लोकांचा गलका आला, मोटारीचा आवाज झाला अन् कमी-कमी होत गेला. पुढं काहीच न्हाई. ते काहीच न्हाई म्हंजी काय असतं, ते सांगता येत न्हाई मला. चार मैल झाले असतील. आता पाच. आता खोकली असंल. आता हे उतरून काठी घालून राह्यले असतील…

सूर्य माथ्यावरून कलला तवा हे आले. तोंड धुळीनं पांढरं, फक्त डोळे दिसत होते. हातात ती टाकीत घालायची काठी. दाराशी उभे राहून काठी आत्याबाईंपुढं धरली.

"पहा, कोरडी हाय. एकदा बी घातली न्हाई."

मंग खाली बसून सांगाया लागले. पूजेला बंगल्यावरच्या महाराजांनी शेंदराची वाटी पुढं केली तवा ह्यांनी झाकणावर हात ठिवला अन् म्हणले, महाराज, हितं पेट्रोल हाय, शेंदराला आग लागंल, नाकाला लावा. महाराज घाबरून दोन पावलं मागं सरले. अन् मोटार निघाली ती थेट वाटूरच्या फाट्यावरच उभी राहिली. शेवटच्या वळणावर मागून घसरली, तेवढ्यात निळी मोटार पुढं गेली. दुसरी आली आमची.

"पण थांबली न्हाई," हे म्हणले. "मालकांनी स्वतः हारले तरी मला मिठी मारली. म्हणले, मिस्तरी, पुढच्या साली टाकी खाली घ्या, मागचं वजन कमी करा, मंग पहा."

आत्याबाई उठल्या, दाराशी गेल्या, गाठोडं आत आणलं अन् एकेक दुपटं काढून परत दोरीवर टाकलं. नणंदबाईंनी सोनाला मांडीवर घेतलं अन् म्हणल्या, "मला कुठं पोर न्यायचं होतं, मला तर मोटारीत बसायचं होतं." अन् डोळे पुसले. मी त्यांना चार दिस ठिवून घेतलं. सोना त्यांच्याच कुशीत झोपायची.

ह्या गोष्टीला वर्ष होत आलं. मी जिनाच्या फाटकावर विचारलं, फाटक्या कानाची म्हातारी कोणी कामाला होती का. कोणाला माहीत न्हाई. माहेरी गेले तवा मायला विचारलं. आपल्यात तशी कोणी न्हवती, म्हणली. हे म्हणतात, तुझ्या मनाला ते भोक माहीत होतं, लेकरू गुदमरलेलं पाहिलं अन् मनानंच जोडून दिलं. आसंल. मी शहाणी बाई न्हाई. पण ओला शेंदूर कुठून आला, अन् धुरपा म्हणून कोणी हाक मारली? दुपारच्याला त्या शेडात मी अजून एकटी जात न्हाई. पण कोणासंग गेले तर पिंपावर चतकोर भाकरी ठिवून येते.

अन् ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते आता. त्या दुपारची गोष्ट आम्ही दोघांनी कोणालाच सांगितली न्हाई. झाकणाची बी न्हाई, पिनची बी न्हाई. लोकांना ह्यांनी नळी बदलली एवढंच सांगितलं. गेल्या आठवड्यात खंडेनवमी झाली. टाकी आता खाली बसवलीय, नाक पुन्हा घडवलंय. आत्याबाईंनी शेंदराची वाटी माझ्या हातात दिली अन् म्हणल्या, "नाकाला लाव, चाकाला लाव. झाकणाला लावू नको. त्याला श्वास लागतो."

मी वाटी धरून उभीच राहिले. विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

सोना पाळण्यात झोपल्ती. आत्याबाई वाकल्या, तिच्या तोंडावर आलेलं पांघरूण हळूच खाली सारलं, अन् माझ्याकडं पाहून म्हणल्या, "तुला कोणी सांगितलं, ते सांग आधी."

आम्ही दोघी हसलो… अन् मंग मोटारीच्या नाकाला मिळून शेंदूर लावला.